बिल्ला नंबर एकोणीस

आमच्या विद्यापीठात परदेशी मुलं इंग्रजीच्या तासाला बसण्याआधी आपली मायबोली माझ्या खिडकीत जमा करत, आणि मी त्यांना नंबराचा पितळी बिल्ला देत असे. सकाळी नऊला घ्यायच्या, दुपारी एकला परत द्यायच्या. सव्वीस वर्षं मी हे काम केलं, आणि एकदाही एकाची दुसऱ्याला गेली नाही.

खिडकी व्हरांड्याच्या टोकाला होती. आत जुन्या टपाल कचेरीतून आणलेलं लाकडी कपाट होतं, त्याला साठ खण. खिडकीवर एक जर्मनची परात, एक पाण्याची कळशी, एक फुलपात्र. मूल यायचं, घोटभर पाणी प्यायचं, परातीवर वाकायचं आणि मायबोली अलगद खाली ठेवायचं. मी ती दोन्ही हातांनी उचलून खणात ठेवायचो. दिसायला म्हणाल तर त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. हाताला मात्र ऊब लागायची, आठ दिवसांच्या करडाला लागते तशी. काही चुळबुळ करायच्या, काही गप पडून राहायच्या. येमेनच्या दोघा भावांच्या मायबोल्या शेजारशेजारच्या खणांत ठेवाव्या लागत, नाहीतर फळीवर धक्के मारत.

परत नेताना तसंच. बिल्ला द्यायचा, परातीवर वाकायचं, एकदा खाकरायचं, की झालं. लगेच व्हरांड्यात गलका सुरू.

हा नियम प्रभुणे मॅडमनी आणला नव्हता, त्यांच्याही आधीचा होता. पण त्या तो कसोशीनं पाळत. मॅडम बारीक, उंच, चष्म्याची दोरी गळ्यात. त्या मुलांना विद्यापीठाचं इंग्रजी शिकवायच्या, म्हणजे निबंधाचं, प्रबंधाचं. बाजारातलं इंग्रजी वेगळं आणि हे वेगळं, असं त्या म्हणायच्या. माझी खिडकी वर्गाला लागून, त्यामुळं सगळं ऐकू यायचं. पहिल्या ओळीत मुद्दा. मग कारण. मग पुरावा. मग निष्कर्ष. 'मी' लिहायचं नाही. गोष्ट सांगायची नाही. मी शाळेत गेलेलो नाही, शाळा फक्त वाटेत लागायची. पण एवढं ऐकून ऐकून माझंही पाठ झालं होतं. अक्षरं मी तिथंच शिकलो, मॅडमचा फळा पुसता पुसता.

मायबोली पोटात घेऊन मूल वर्गात बसलं, की त्याचा निबंध वाट सोडून चालतो, असा विभागाचा अनुभव होता. शिरीनमोचंच घ्या. ही मुलगी ताजिकिस्तानच्या डोंगरातून आलेली. त्यांच्या खोऱ्याची बोली वेगळी. ती बोलणारी माणसं किती, तर आपल्याकडच्या दोन-चार मोठ्या गावांत मावतील एवढी. पहिल्या दिवशी तिला नियम माहीत नव्हता, ती तशीच जाऊन बसली. मॅडमनी विषय दिला, 'माझ्या गावातील पाणीपुरवठा'. शिरीनमोनं आधी वाचणाऱ्याला नमस्कार घातला. वाटेत त्रास झाला नाही ना, म्हणून विचारलं. मग तिची आजी आली, जर्दाळूचं झाड आलं, त्या झाडावरून पडलेला चुलता आला. पाणी आलं चौथ्या पानावर.

मॅडम म्हणाल्या, "शिरीनमो, पाणी चौथ्या पानावर का?"

ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, झरा आमच्या गावापासून लांब आहे."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला माझ्याकडं पाठवलं आणि मी तिला बिल्ला नंबर एकोणीस दिला.

आता माझी चूक सांगतो. आमचे वडील गावच्या कोंडवाड्यावर राखणदार होते. मोकाट सुटलेली जनावरं पंचायत आणून कोंडायची, मालक येईपर्यंत वडील सांभाळायचे. ते म्हणायचे, "मालक कुणी का असंना, जोवर आपल्या दावणीला आहे तोवर वैरण आपली." जनावराला उपाशी परत दिलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी त्याच घरात वाढलो. खिडकीच्या नियमावलीत लिहिलं होतं की जमा भाषा कोरड्या जागी, स्थिर ठेवाव्यात. त्यांना खाऊपिऊ घालावं असं कुठंही नव्हतं. पण चार तास एक जीव माझ्या ताब्यात आहे आणि मी बिडी ओढत बसलोय, हे मला जमेना. भाषेला वैरण काय घालणार? मी बोलायला लागलो. सकाळी सगळ्या खणांवरून फिरायचं, प्रत्येकीला विचारायचं, "जेवलीस का?" मग स्टुलावर बसून काहीबाही सांगायचं. आमची हौसा म्हशीची धार कशी काढायची, म्हशीशी तिची भांडणं कशी व्हायची. हौसा म्हणजे माझी बायको. ती जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि घरी ऐकणारं कुणी नव्हतं. खणातल्या सगळ्या ऐकायच्या.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. एक दिवस सुदानचा इद्रिस बिल्ला आपटून म्हणाला, "मामा, तुम्ही माझ्या भाषेला काय शिकवता? काल आईशी बोलताना तोंडातून 'आरं तिच्या' निघालं. आई विचारते, ही कोण?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मामाची आहे. आता ती म्हणते, मामाला सलाम सांग." तो परातीवर वाकला, खाकरला, आणि जाता जाता मागं वळून म्हणाला, "आणि मामा, माझी जेवलेली असते. रोज विचारू नका."

हेड क्लार्क तांबोळी भाऊसाहेबांच्या कानावर हे गेलं. ते खिडकीशी आले, खणांकडं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "गेनबा, सरकारी ताब्यातल्या वस्तूंशी गप्पा मारायच्या नसतात."

"बरं, भाऊसाहेब."

"आणि मारल्याच तर कामाच्या वेळेत मारू नकोस."

पण त्या माझ्याकडं असायच्याच कामाच्या वेळेत. भाऊसाहेबांनाही ते ठाऊक होतं. ते गेले.

शिरीनमो हुशार निघाली. दुसऱ्या वर्षी तिचे निबंध मॅडम वर्गात वाचून दाखवू लागल्या. पहिल्या ओळीत मुद्दा, दुसऱ्या ओळीत कारण, वारा जायला फट नाही. तिला पुढं परदेशात संशोधनाला जायचं होतं, आणि त्याची इंग्रजीची परीक्षा मे महिन्यात होती. ती मला मोडक्या मराठीत म्हणाली, "मामा, दुपारी भाषा आत गेली ना, की सकाळी इंग्रजी बसायला एक तास घेते. आज राहू द्या. उद्या नेते."

"राहू दे," मी म्हणालो.

उद्याही ती म्हणाली, राहू द्या. मग आठवडा गेला. मग ती विचारेनाशी झाली. सकाळी रिकामीच यायची, मोबाईल तेवढा माझ्याकडं ठेवायची, कारण वर्गात मोबाईल चालत नसे.

तिची आई दर शुक्रवारी अकराच्या सुमाराला फोन करायची. त्यांच्या गावात रेंज नव्हती. बाई गावामागची चढण चढून एका दगडापाशी यायच्या आणि तिथून लावायच्या. शिरीनमोनं मला हे पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. तेव्हा ती दुपारी भाषा घेतली की लगेच उलटा फोन लावायची आणि आई त्या दगडावर बसून वाट बघायची. आता फोन नुसता वाजायचा. शिरीनमोनं उचलून उपयोग नव्हता, तिला आईचं काही कळलं नसतं आणि आईला इंग्रजी यायचं नाही. फोन वाजला की एकोणीस नंबरच्या खणात हालचाल व्हायची. म्हणून मी तो फोन त्याच खणात ठेवू लागलो. वाजायला लागला की ती उठून बसायची. थांबला की पुन्हा आडवी व्हायची.

सात शुक्रवार असं झालं. आठव्या शुक्रवारी फोन वाजला आणि ती उठली नाही. हात लावून बघितला, गार लागली.

त्या दिवसापासून मी बाकीच्यांना थोडं कमी बोललो आणि एकोणीस नंबरला जास्त. दुपारी एकला सगळे खण रिकामे झाले की तिला मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या उन्हात बसायचो. जे माझ्याकडं होतं ते सगळं सांगितलं. नीरेला पाणी कसं येतं, कोंडवाड्यातल्या खोंडानं वडिलांच्या धोतराचा सोगा कसा खाल्ला, हौसानं शेवटच्या आजारात ज्वारीची भाकरी नको म्हणून बाजरीची कशी मागितली. पंधरा दिवसांनी ऊब परत आली. मला बरं वाटलं. यात काही वावगं होतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

एप्रिलात तांबोळी भाऊसाहेब रजिस्टर घेऊन आले. "गेनबा, एकोणीस नंबर कधीपासून पडून आहे?"

"झाले असतील अडीच-तीन महिने."

"एक्याऐंशी दिवस. नव्वद दिवस न नेलेली भाषा बेवारस धरून निर्लेखित करायची असते. मोडक्या बाकांबरोबर जाईल. यादी गेलीय."

"मालकीण रोज समोर बसते, भाऊसाहेब."

"समोर बसते हे रजिस्टरला कसं कळणार? आणि साठ दिवसांनंतर नुसत्या बिल्ल्यावर देता येत नाही. अर्ज लागतो. इंग्रजीत, विद्यापीठाच्या पद्धतीनं. समिती बघेल."

मी शिरीनमोला सांगितलं. तिनं विचारलं, "मामा, दुसरी मिळते?"

"प्रत्येकाला एकच मिळते, पोरी."

तिनं त्याच दिवशी अर्ज लिहिला. तो तीन दिवसांनी परत आला. शेरा होता की अर्ज वैयक्तिक स्वरूपाचा आहे, 'मी' हा शब्द अकरा वेळा आला आहे. तिनं दुसरा लिहिला. त्यात 'मी' नव्हती. पहिल्या ओळीत मुद्दा होता की सदर भाषा अर्जदारास परत मिळणे आवश्यक आहे. खाली तीन कारणं होती. तोही परत आला. सदर भाषा अर्जदाराच्या आईशी बोलण्यासाठी लागते, या विधानाला आधार दिलेला नाही, असा शेरा होता. आधार म्हणून आईचं पत्र जोडायचं तर त्या बोलीत लिहिलेलं वाचणारं विद्यापीठात कुणी नव्हतं. वाचणारी एकच होती, आणि ती खणात पडून होती.

शिरीनमो तो कागद घेऊन मॅडमकडं गेली. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"यात चूक काढायला जागा नाही," त्या म्हणाल्या. "अगदी मी शिकवलं तसं आहे."

"मग देत का नाहीत?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला त्या खिडकीतून दिसत होत्या. मग म्हणाल्या, "मी समितीपुढं येते."

समिती अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी बसली. शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा. उपकुलसचिव गोगटे साहेब मधे, एका बाजूला भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला मॅडम. मी एकोणीस नंबर परातीत घालून टेबलावर ठेवली आणि दाराशी उभा राहिलो. शिरीनमोचा फोनही परातीशेजारी ठेवला, कारण तो त्या खणाचाच होता.

गोगटे साहेबांनी बोट लावून बघितलं. "जिवंत आहे?"

"आहे, साहेब," मी म्हणालो.

"निर्लेखनाच्या यादीत मृत लिहिलंय."

भाऊसाहेब म्हणाले, "यादी आधी झाली, साहेब."

"बरं. मालकी कशी ठरवायची? अर्जाला आधार नाही. उद्या कुणीही येऊन म्हणेल, माझी. प्रभुणे बाई, तुम्ही सांगा. आधाराशिवाय विधान स्वीकारायचं?"

मॅडम म्हणाल्या, "वीस वर्षं मी मुलांना सांगत आलेय, की स्वीकारायचं नाही." मग त्यांनी अर्ज पुढं ओढला. "आज स्वीकारावं असं वाटतं. कारण देता येणार नाही."

"मग ते विधानच झालं," गोगटे साहेब म्हणाले, तेही सौजन्यानं.

कुणी न विचारता मी बोललो. "साहेब, आमच्याकडं कोंडवाड्यात असा तंटा आला की जनावर सोडायचे. ते ज्याच्या दारी जाऊन उभं राहील, त्याचं. पंचायतीला ते चालायचं."

गोगटे साहेबांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. "असा पुरावा चालतो?"

"मनाई कुठं लिहिलेली नाही, साहेब," भाऊसाहेब म्हणाले.

मी पंखा बंद केला. शिरीनमो टेबलाच्या पलीकडं खुर्चीत बसली, घोटभर पाणी प्यायली आणि वाट बघू लागली. एकोणीस नंबर परातीच्या काठावर आली. सावकाश टेबल ओलांडून तिच्याकडं गेली. तिच्या हाताशी थांबली. शिरीनमो वाकली. ती गळ्यापर्यंत गेली, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. आणि तिथून परत आली. आत जागा नव्हती. मुद्दा, कारण, पुरावा, निष्कर्ष असं सगळं ओळीनं लावलेलं होतं, मधे बसायला फट नव्हती. मॅडमनी मान खाली घातली.

तेवढ्यात फोन वाजला. अकरा वाजले होते.

ती दचकून उठली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टेबलावरून उतरली, फरशीवरून दारापर्यंत आली, आणि माझ्या धोतरावरून चढून वर आली. मी एकदा खाकरलो.

फोन वाजतच होता. उचलायला दुसरं कुणी नव्हतं. मी उचलला आणि म्हणालो, "सलाम, बहीण. वाटेत त्रास झाला नाही ना?" हे मी त्यांच्या बोलीत म्हणालो. म्हणताना काही वेगळं वाटलं नाही. माझ्या मराठीनं जरा सरकून जागा दिली होती, एवढंच.

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "त्रास कसला, रोजची चढण. तू कुणाचा?"

"रामजी शितोळ्यांचा. नीरेकाठचा."

"नीरा कुठल्या बर्फातून येते?"

"आमच्याकडं बर्फ नाही. पावसातून येते."

"नुसत्या पावसातून? आणि पुरते?"

"पुरवतो."

त्यांनी मग गाय व्यायल्याचं सांगितलं. वासरू पांढरं झालंय. जर्दाळू वाळत घातलेत. गुडघा दुखतो, पण चढणीला दुखत नाही, उताराला दुखतो. मी हौसाचाही तसाच दुखायचा म्हणून सांगितलं. गोगटे साहेबांनी घड्याळ बघितलं, पण मधे बोलले नाहीत. बारा-पंधरा मिनिटांनी बाई मुद्द्यावर आल्या. "भाऊ, माझी मुलगी कुठं आहे?"

शिरीनमो माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं. "मामा," तिनं विचारलं, "आई काय म्हणते?"

सव्वीस वर्षांत मला एवढं अपराधी कधी वाटलं नाही. मी म्हणालो, "विचारतात, मुलगी कुठं आहे."

"सांगा, इथंच आहे."

मी सांगितलं.

"विचारतात, खाते का वेळेवर."

"सांगा, खाते."

तेही सांगितलं. शिरीनमोनं हात पुढं केला. मी फोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. न कळणारं ऐकताना माणूस जसा बसतो, तशी ताठ बसली होती.

इतिवृत्त भाऊसाहेबांनी लिहिलं. भाषा जिवंत असल्याचे आढळले. भाषा सध्या शिपाई गेनबा रामजी शितोळे यांच्या वापरात आहे. सबब निर्लेखनाचा प्रश्न उद्भवत नाही. मूळ मालकिणीकडे जागा होईल तसतशी ती थोडी थोडी परत करावी. गोगटे साहेबांनी सही केली. बाहेर पडताना भाऊसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गप्पा मारू नको म्हणालो होतो."

मे अखेरीस मी निवृत्त झालो. शिरीनमोला परीक्षेत फार वरचे मार्क पडले आणि ती उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात संशोधनाला गेली. मी गावी आलो. शुक्रवारी तिच्या आईचा फोन मला यायचा, रविवारी शिरीनमोचा.

रविवारी आमचा वर्ग असायचा. मी ओसरीवर बसायचो, थोडं थोडं बोलायचो, तेवढं तिकडं जायचं. पहिल्या रविवारी मीठ गेलं. सोमवारी मला मिठाला त्या बोलीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणजे पोचलं. मग दूध, मग दोर, मग बर्फाचे आठ प्रकार, रविवारी एक याप्रमाणं. शब्दांचं सोपं होतं. शिरीनमोची अडचण दुसरी होती. ती कुठलंही वाक्य मुद्द्यापासूनच सुरू करायची.

"तब्येत कशी आहे? तुझ्या गुडघ्याबद्दल विचारायचे आहे," असं आईला म्हणायचं म्हणाली.

"असं नाही, पोरी," मी सांगितलं. "आधी सलाम. मग वाट. मग आभाळ. मग जनावरं. मग शेजारी. गुडघ्यावर आपोआप यायचं."

"मामा, यात आधार कुठं द्यायचा?"

"आधार लागत नाही. तू बोलत राहा, त्या ऐकतायत, तोच आधार."

"मॅडमना हे सांगू नका," ती म्हणाली.

मॅडमना ठाऊक होतं. स्वतःच्या निवृत्तीनंतर त्या एकदा गावी येऊन गेल्या. रविवार होता. ओसरीवर पायरीला बसून त्यांनी सगळा तास ऐकला, वहीत काही लिहूनही घेतलं. जाताना म्हणाल्या, "गेनूमामा, तुम्ही घाई करत नाही. मला ते कधी जमलं नाही."

"तुमच्याकडं वेळापत्रक होतं, मॅडम."

"ते होतंच," असं म्हणून त्या एसटीत बसल्या.

अशी तीन वर्षं गेली. जसजसं तिकडं भरत गेलं तसतसं इकडं उणं होत गेलं. शुक्रवारी बाईंशी बोलताना मी अडखळू लागलो. आधी दळणाचं बोलता येईना, मग आभाळाचं. शेवटी माझ्याकडं जनावरं तेवढी राहिली होती. आम्ही गाईवरच अर्धा तास काढायचो.

गेल्या फाल्गुनात शिरीनमो म्हणाली, "मामा, आज आईला मी लावते. तुम्ही नुसतं ऐका." तिनं फोनात दोघांनाही घेतलं. सलाम घातला. वाटेचं विचारलं. आभाळ झालं, पांढऱ्या वासराचा आता बैल झालाय ते झालं, शेजारणीची सून झाली, झाडावरून पडलेला चुलता झाला. मला अधूनमधून एखादाच शब्द लागत होता, पण कुठपर्यंत आलंय ते चालीवरून समजायचं. चाळीस मिनिटं झाली. मग ती थांबली आणि काहीतरी लहानसं बोलली. पलीकडं बाई रडल्या.

नंतर तिनं मला मराठीत सांगितलं. ती म्हणाली होती, "आई, मी जर्दाळू पिकायच्या आत घरी येते."

त्या दिवशी गाय आणि वासरूही गेलं. माझ्याकडं काही उरलं नाही.

ती आता त्या थंड देशातच शिकवते. तिकडच्या विद्यापीठात कुठून कुठून मुलं येतात, त्यांना निबंधाचं इंग्रजी. तिथं खिडकी नाही म्हणे, मुलं मायबोली बाहेरच्या कट्ट्यावरच ठेवून आत येतात. मी तिला सांगितलं, तिथं कुणालातरी बसव, थंडी आहे. ती म्हणाली, अर्ज केलाय.

उन्हाळ्यात ती घरी जाऊन आली आणि तिथून मला पार्सल आलं. लोकरीच्या पायमोज्यांची जोडी, बाईंनी विणलेली, लाल-पिवळ्या नक्षीची. उजव्या मोज्यात काहीतरी टोचलं म्हणून हात घातला, तर पितळी बिल्ला होता. नंबर एकोणीस. विभागात आता कपाट राहिलेलं नाही, भाऊसाहेबही नाहीत. मी तो देवळीत ठेवला.

पुढच्या शुक्रवारी अकराला फोन वाजला. मला वाटलं, माझ्याकडची बोली संपली हे बाईंना कुणी सांगितलं नसेल. मी उचलला. त्या बोलल्या, मला एक शब्द कळला नाही. त्या थांबल्या तेव्हा मी नीरेला यंदा पाणी कमी आहे ते सांगितलं. मी थांबलो तेव्हा त्या बोलल्या. वारा जोराचा होता त्यांच्याकडं. असा अर्धा तास झाला.

फोन ठेवताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "जेवलास का?"

माझं एवढं मराठी त्यांच्या खोऱ्यात राहून गेलंय.

"जेवलो," मी म्हणालो.